सांधेदुखीच्या आजारात हातापायांना मुंग्या: नसांच्या इजेचा माग कसा काढायचा

सांधे, त्वचा, मूत्रपिंड, फुप्फुसं यांची चौकशी दर भेटीत होते. खुर्चीतून उठून दाराशी पोचल्यावर रुग्णाला आठवतं, "पायाला मुंग्यापण येतात हो." मग चिठ्ठीच्या तळाशी एक व्हिटॅमिनची गोळी वाढते आणि विषय संपतो. पुष्कळदा त्यानं काही बिघडतही नाही. पण कधी कधी त्या मुंग्या म्हणजे नसेला रक्त पुरवणारी बारीक रक्तवाहिनी बंद पडत चालल्याची पहिली खूण असते, आणि चार दिवसांनी पाऊल वर उचलतच नाही.

ल्युपस, शोग्रेन सिंड्रोम (यात डोळे-तोंड कोरडं पडतं), ऱ्हुमॅटॉइड संधिवात, कातडी घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा, मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच संयोजी ऊतींवर, म्हणजे अवयवांना आधार देऊन जोडून ठेवणाऱ्या भागांवर, उलटते आणि त्या धुमश्चक्रीत नसाही सापडतात. पण "नसांवर परिणाम झालाय" एवढ्यानं कुणालाच काही कळत नाही. कोणती नस, कुठे आणि किती वेगानं, यावरून उपचार ठरतो. हे तिन्ही सांगणारा सर्वांत भरवशाचा साक्षीदार रुग्ण स्वतः असतो. म्हणून या लेखात तपासण्यांच्या आधी कागद-पेन्सिल येते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

मराठीत "नस" म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. "नस चढली", "नस दबली", "नसा फुगल्या" ही तीन वाक्यं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल असतात. डॉक्टरांसमोर नुसतं "नसांचा त्रास" म्हटलं तर चौकशी पायावरच्या निळ्या शिरांकडे वळू शकते. त्यापेक्षा काय होतं ते सांगा: मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, आग, सुई टोचल्यासारखं, करंट बसल्यासारखं, कापसावर चालल्यासारखं. "दुखतं" हा शब्द एकटा सोडू नका. सांध्याचं दुखणं आणि नसेचं दुखणं यांची औषधं वेगळी असतात. या लेखात "नस" म्हणजे मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूच्या बाहेर पडून हातापायांकडे, चेहऱ्याकडे, आतड्यांकडे जाणारा मज्जातंतू.

पहिली पायरी: नकाशा काढा

कागदावर माणसाची साधी आकृती दोनदा काढा, पुढून आणि मागून. तीन रंग घ्या. बधिर भाग एका रंगानं, आग किंवा मुंग्यांचा दुसऱ्यानं, ताकद कमी झालेला तिसऱ्यानं भरा. वर तारीख घाला. पाच मिनिटांचं काम आहे, पण तपासणाऱ्याच्या हातात यापेक्षा चांगली गोष्ट क्वचितच पडते. नकाशात साधारण पुढलेच आकार उमटतात.

*मोजे आणि हातमोजे.* दोन्ही पायांची बोटं आधी, मग तळवे, मग घोटे. त्रास पोटऱ्यांच्या वर सरकू लागला की हातांची बोटं सामील होतात. दोन्ही बाजूंना साधारण सारखं. शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून झीज टोकापासून सुरू होते. हा आकार सर्वांत जास्त दिसतो आणि सहसा हळूहळू वाढतो. पण मधुमेह, बी-१२ ची कमतरता, दारू, मूत्रपिंडाचा विकार, काही औषधं, सगळी हाच आकार काढतात. मूळ आजारावर खापर फोडण्याआधी बाकीची कारणं तपासावीच लागतात.

*एकेक नस, एकामागून एक.* आज डावं पाऊल लटकलं, दहा दिवसांनी उजवं मनगट पडलं, मग करंगळीकडची बाजू बधिर झाली. दोन्ही बाजू सारख्या नाहीत आणि बहुतेकदा सुरुवात जोरदार दुखण्यानं होते. याला मोनोन्यूरायटिस मल्टिप्लेक्स म्हणतात आणि पहिला संशय व्हॅस्क्युलायटिसचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सुजेचा, घ्यायचा असतो. नसेच्या आवरणातल्या बारीक रोहिण्यांना सूज येते, त्या बंद होतात आणि नसेचा तेवढा तुकडा उपाशी मरतो. हृदयविकाराचा झटका जसा हृदयाला, तसा हा नसेला. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात हा प्रकार बहुधा जुना, त्वचेखाली गाठी आलेला, रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (एक प्रतिपिंड) ठळक असलेला आजार असणाऱ्यांत दिसतो. ल्युपसमध्ये आणि शोग्रेनमध्येही होतो. अशा बऱ्याच नसा सापडल्या की सगळे रंग एकमेकांत मिसळतात आणि नकाशा मोज्यांसारखा दिसू लागतो. म्हणून सुरुवात कुठून झाली हे लिहून ठेवणं महत्त्वाचं.

*अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू.* रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हा कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोगद्यात सांध्याच्या सुजेनं नस चेपली जाते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात हे इतकं नेहमीचं की काहींमध्ये आजाराची पहिली तक्रारच ही असते. थायरॉइड कमी असला तरी होतं.

*विखुरलेले ठिपके.* चेहरा, टाळू, पाठ, मांडी, एक हात, कसलाही क्रम नाही. यात दोन शक्यता असतात आणि दोन्हींचं शोग्रेनशी खास नातं आहे. पहिली, त्वचेतल्या अगदी बारीक तंतूंचा विकार, म्हणजे स्मॉल फायबर न्यूरोपॅथी. आग होते, चटके बसतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, पण ताकद शाबूत असते. दुसरी, मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींमधल्या संवेदना-पेशींवरच हल्ला. त्याला सेन्सरी गँग्लिओनोपॅथी म्हणतात. यात आपला हात-पाय कुठे आहे हेच डोळे मिटल्यावर कळत नाही. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अंधारात पाय भरकटतात, बटण लावायला बोटांकडे बघावं लागतं. स्नायूंची ताकद मात्र पुरेशी असते. म्हणूनच "अशक्तपणा आहे" म्हणून ही माणसं महिनोन्महिने टॉनिक घेत बसतात.

*चेहऱ्याचा बधिरपणा.* गाल, ओठ, हनुवटी, कधी एका बाजूला, कधी दोन्ही. स्क्लेरोडर्मा, मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज आणि शोग्रेनमध्ये पाचवी मस्तिष्क-नस अशी धरली जाते. डोळ्याची बुबुळं बधिर झाली असतील तर कचरा गेलेला कळत नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांना दाखवायचंच.

नकाशात न मावणारेही काही प्रकार असतात. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, घाम न येणं किंवा भलत्याच जागी येणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, लघवी अडणं, ही स्वायत्त नसांची, म्हणजे रक्तदाब, घाम, पचन आपोआप सांभाळणाऱ्या नसांची, लक्षणं आहेत. ती समासात लिहा. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं १९९९ मध्ये ल्युपसमधल्या मज्जासंस्थेच्या विकारांची १९ नावांची यादी केली. त्यातले ७ मेंदू-मज्जारज्जूबाहेरचे आहेत आणि स्वायत्त नसांचा विकार त्या सातांतच मोजलेला आहे.

जे नसेचं वाटतं पण नसेचं नसतं

खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढवत नाही, केस विंचरताना हात भरून येतात, पण बधिरपणा कुठेच नाही. हे स्नायूंचं काम. मायोसायटिस (स्नायूंची सूज) असेल किंवा बराच काळ घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम. सीके ही स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी इथे कामी येते. मायोसायटिसमध्ये ती सहसा वाढते, स्टिरॉइडच्या स्नायुविकारात बहुधा साधारणच राहते.

पोटाभोवती पट्टा बांधल्यासारखा बधिरपणा, त्याखाली दोन्ही पाय जड आणि लघवी-शौचाचं भान गेलेलं, असं असेल तर दोष मज्जारज्जूत आहे. तसंच जुन्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊन रज्जूवर दाब येऊ शकतो. मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होणं, चालताना पाय ताठरणं, हातातल्या वस्तू निसटणं अशी त्याची लक्षणं. कुठल्याही शस्त्रक्रियेत भूल देण्याआधी हे भूलतज्ज्ञांना सांगितलंच पाहिजे, कारण नळी घालताना मान मागे वळवतात.

आणि एक नाव जे यादीत नेहमी असावं: कुष्ठरोग. कोपरामागची किंवा गुडघ्याशेजारची नस जाड लागते, त्वचेवर बधिर चट्टा असतो आणि एकेक नस जात राहते. गंमत म्हणजे कुष्ठरोगात एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठी तपासतात ते प्रतिपिंड) आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरही पॉझिटिव्ह येऊ शकतात. सांधे दुखतायत, रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणून नुसत्या स्टिरॉइडवर ठेवलेला असा रुग्ण मूळ औषधाविना राहतो.

दुसरी पायरी: घड्याळ लावा

नकाशाशेजारी तीन तारखा लिहा: पहिल्यांदा जाणवलं ती, सर्वांत वाईट अवस्था आली ती आणि आजची. अंदाजे चालेल. "सणाच्या आधी", "प्रवासानंतर" असंही चालेल.

तासांत किंवा एक-दोन दिवसांत घडलं असेल तर व्हॅस्क्युलायटिस किंवा नस अचानक चेपली जाणं. दोन्ही पाय, मग हात, असं दिवसांगणिक वर चढत ४ आठवड्यांच्या आत कळस गाठला तर गिलन-बारे सिंड्रोमसारखा प्रकार, म्हणजे प्रतिकारशक्तीचा नसांवरच झपाट्यानं हल्ला. ८ आठवड्यांहून अधिक काळ अशक्तपणा वाढतच राहिला तर त्याचाच जुनाट भाऊ, सीआयडीपी. महिने-वर्षं रेंगाळत आलेलं असेल तर टोकाकडून होणारी झीज, औषधाचा परिणाम किंवा जीवनसत्त्वाची उणीव. शोग्रेनची गँग्लिओनोपॅथी बहुधा आठवड्या-महिन्यांत सरकते, पण काहींना ती चार दिवसांतही गाठते.

पुढलं काही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं:

- पाऊल किंवा मनगट अचानक पडलं, विशेषतः आधी तिथे जबर दुखून गेलं असेल तर
- पायांतला अशक्तपणा दिवसांगणिक वर चढतोय, गिळताना ठसका लागतोय, सलग वीसपर्यंत मोजताना दम पुरत नाही
- लघवी अडली, शौचाचं भान गेलं, बैठकीची जागा बधिर झाली
- नवा बधिरपणा आणि त्यासोबत ताप, घटलेलं वजन, पायावर जांभळे पुरळ किंवा बोटांच्या टोकाला काळे डाग

पाऊल पडलं की ते व्हॅस्क्युलायटिसनंच असं नाही. तासन्‌तास मांडीवर मांडी टाकून बसल्यानं किंवा झपाट्यानं वजन उतरल्यावरही गुडघ्याबाहेरची नस चेपते. पण ज्याला ल्युपस किंवा ऱ्हुमॅटॉइड आहे त्यानं तो साधा अंदाज घरी बसून करू नये. चुकीची भीती स्वस्त पडते, चुकीचा धीर महाग.

तिसरी पायरी: घरी करता येण्याजोगी पाहणी

यातून निदान होत नाही. सुरुवातीची पातळी मात्र नोंदली जाते आणि पुढे औषध लागू पडतंय का हे कळतं.

टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. टाचांवर चालताना एक पाऊल खाली पडत असेल तर लिहा. भिंतींच्या कोपऱ्याला पाठ करून, शेजारी माणूस उभा करून, पाय जुळवून उभं राहा आणि डोळे मिटा. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटताच डोलणं, हे खोल संवेदना गेल्याचं लक्षण. कापसाचा बोळा पायापासून वर नेत कुठे "नेहमीसारखा" लागतो तिथे पेनानं रेघ मारा आणि ती घोट्यापासून किती सेंटीमीटरवर आहे ते मोजा.

रक्तदाबाचं यंत्र असेल तर ५ मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहिल्यावर १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तो स्वायत्त नसांकडे बोट दाखवतो, जरी पाणी कमी पडणं आणि रक्तदाबाच्या गोळ्या हीही कारणं असतात.

चौथी पायरी: औषधांची पिशवी उलटी करा

या पायरीला खूपदा बगल दिली जाते. गेल्या दोन वर्षांतलं प्रत्येक औषध, बंद केलेलंसुद्धा, तारखांसह लिहा.

लेफ्लुनोमाइड संधिवातासाठी देतात आणि त्यानं मोजे-हातमोजे प्रकारचा विकार होऊ शकतो. ते शरीरात महिनोन्महिने मुरलेलं राहतं, म्हणून नुसतं बंद करून भागलं नाही तर कोलेस्टिरामिन देऊन ते धुवून काढतात. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅब, इटॅनर्सेप्ट या टीएनएफ-रोधक (सूज वाढवणारा टीएनएफ हा रेणू अडवणाऱ्या) औषधांनी क्वचित नसेचं मायलिन आवरण खराब होतं. अशी बायोलॉजिक औषधं सुरू करण्याआधी सुप्त क्षयासाठी आयसोनियाझिड देतात, त्यानं बी-६ घटतं, म्हणून त्यासोबत पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी-६, असायला हवं. कोल्चिसिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन क्वचित नस आणि स्नायू दोन्ही बिघडवतात, मूत्रपिंड अशक्त असेल तर जास्त. थॅलिडोमाइड, डॅप्सोन आणि दीर्घकाळ घेतलेलं मेट्रोनिडाझोलही यादीत आहेत. स्टिरॉइडनं साखर वाढते आणि वाढलेली साखर नसा खाते. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन यांनी बी-१२ उतरतं.

आता "नसांच्या ताकदीच्या" गोळ्यांबद्दल. बी-१२ कमी असेल तर ते औषध आहे, वाद नाही. पण बहुतेक मिश्र गोळ्यांत बी-६ असतं आणि ते जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच संवेदना-पेशी मारतं, शोग्रेन मारतो त्याच पेशी. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांमधलं बी-६ एकत्र मोजा. मुंग्या वाढल्या म्हणून गोळी दुप्पट करणारे मी पाहिले आहेत. त्यांना दोष देता येत नाही, वेष्टणावर "नसांसाठी" असंच लिहिलेलं असतं.

कुठलंही औषध मनानं बंद करू नका. स्टिरॉइड तर नाहीच, ते एकदम थांबवणं धोक्याचं.

पाचवी पायरी: रक्त आणि लघवी

पहिल्या फेरीत साधी कारणं पकडायची: साखर आणि एचबीएवनसी, बी-१२, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृताच्या तपासण्या, हिमोग्राम, सुजेसाठी ईएसआर आणि सीआरपी, लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी. बी-१२ काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजून खरी कमतरता ओळखता येते.

दुसऱ्या फेरीत मूळ आजाराचा वेध: एएनए, डीएस-डीएनए, रो आणि ला प्रतिपिंडं, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी, व्हॅस्क्युलायटिससाठी अँका, सी३ आणि सी४ ही पूरक प्रथिनं, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही आणि रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस. सी४ विशेष घसरलं असेल तर क्रायोग्लोब्युलिन हे प्रथिन शोधायचं. ते थंडाव्यात साकळतं, म्हणून नमुना ३७ अंशांवर उबदार ठेवूनच प्रयोगशाळेत न्यावा लागतो. साध्या डब्यातून गेलेला नमुना "निगेटिव्ह" आला तर त्याला काही अर्थ नाही, म्हणून नमुना कसा नेणार ते विचारून घ्या.

शोग्रेन नुसत्या रक्तावरून नाकारता येत नाही. नसांचा त्रास कोरड्या डोळ्यांच्या आधी सुरू झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत आणि काहींमध्ये रो प्रतिपिंड सापडतच नाही. अशा वेळी शिर्मर चाचणी (पापणीत अडकवलेली कागदी पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा) आणि खालच्या ओठाच्या आतल्या लाळग्रंथींची बायोप्सी उपयोगी पडते. उलट, नुसता एएनए पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. धडधाकट माणसांतही तो सापडतो.

सहावी पायरी: नसेची तपासणी आणि तिच्या मर्यादा

नर्व्ह कंडक्शन चाचणीत नसेला विजेचा हलका धक्का देऊन संदेश किती वेगानं आणि किती जोरात पोचतो ते मोजतात. वेग घटला तर आवरणाचा दोष, जोर घटला तर आतल्या तारेचा. व्हॅस्क्युलायटिसमध्ये तार जाते, गिलन-बारेच्या नेहमीच्या प्रकारात आवरण. सोबत स्नायूत बारीक सुई घालून ईएमजी करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक, इजा झाल्यावर लगेच केलेली चाचणी फसवू शकते. तुटलेल्या नसेचं पुढलं टोक मरायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि ईएमजीतले बदल दिसायला २ ते ३ आठवडे. म्हणून पहिला रिपोर्ट साधा आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा करण्याचा आग्रह धरणं योग्यच. दोन, थंड हातात नस हळू चालते. ज्यांना रेनॉड आहे, बोटं पांढरी-निळी पडतात, त्यांनी हात-पाय उबदार करूनच चाचणी द्यावी, नाहीतर नसलेला दोष दिसतो. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: ही चाचणी फक्त जाड तंतू मोजते. बारीक तंतूंचा विकार असेल तर रिपोर्ट पूर्ण नॉर्मल येतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचा ताण असेल" हे वाक्य शोग्रेनच्या किती रुग्णांनी ऐकलं असेल कोण जाणे. इथे घोट्याच्या वर साधारण १० सेंटीमीटरवरून ३ मिलिमीटरचा त्वचेचा गोल तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजतात. मांडीवरूनही एक तुकडा घेतात. मांडीचे तंतू घोट्यापेक्षा जास्त झडलेले असतील तर विकार टोकाकडून सुरू झालेला नाही, गाठींकडून आला आहे, असा तर्क बांधता येतो.

व्हॅस्क्युलायटिसचा दाट संशय असेल तर घोट्याजवळच्या संवेदनेच्या नसेची बायोप्सी करतात, शक्यतो शेजारच्या स्नायूच्या तुकड्यासह, म्हणजे आजार सापडण्याची शक्यता वाढते. पावलाचा थोडा भाग त्यानं कायम बधिर राहतो, ते आधी समजून घ्या. आणि बायोप्सीची तारीख मिळेना म्हणून उपचार अडवून ठेवायचे नसतात.

सातवी पायरी: उपचार ठरवताना काय विचारायचं

व्हॅस्क्युलायटिसनं नसा जात असतील तर मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, बहुधा ३ दिवस, मग तोंडानं प्रेडनिसोलोन आणि जोडीला सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब असा जोरदार मारा करतात. आजार काबूत आल्यावर अॅझाथायोप्रिनसारखं सौम्य औषध. आधी विचारायचे प्रश्न: मूल हवं असेल तर बीज किंवा अंडी जपण्याची सोय करायची का? लघवीत रक्त दिसलं तर काय करू? हिपॅटायटिस बी तपासलं का? लशी आधी घ्यायच्या का नंतर?

गिलन-बारेसारख्या प्रकारात इम्युनोग्लोब्युलिन (एकूण २ ग्रॅम प्रति किलो, ५ दिवसांत विभागून) किंवा प्लाझ्मा बदलणं हे मुख्य उपचार. ल्युपस असेल तर त्याचीही औषधं जोडावी लागतात. अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असलेल्यांनी इम्युनोग्लोब्युलिनआधी ते आवर्जून सांगावं, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

गँग्लिओनोपॅथीत पेशीच मरते आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून लवकर उपचार हाच मुद्दा आणि बराच काळ झाल्यावर अपेक्षा "आहे ते टिकवणं" एवढीच ठेवावी. बारीक तंतूंच्या विकारात नुसती आग होत असेल तर जड औषधं द्यावीत की नाही यावर तज्ज्ञांची मतं जुळत नाहीत. अशा वेळी दुखणं आवरणं आणि मूळ आजार शांत ठेवणं हे शहाणपणाचं, असं माझं मत.

कार्पल टनेलला मनगट सरळ धरणारा पट्टा रात्री, मग गरज पडल्यास स्टिरॉइडचं इंजेक्शन. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होऊ लागला तर शस्त्रक्रिया लांबवू नका.

दुखणं आवरताना

सांध्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या आगीवर फारशा चालत नाहीत आणि ल्युपसच्या मूत्रपिंडाला त्रास देतात. इथली औषधं वेगळी: गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन. निवड मूळ आजार पाहून करायची. अॅमिट्रिप्टिलिननं तोंड-डोळे आणखी कोरडे पडतात, म्हणून शोग्रेनमध्ये ते शक्यतो टाळतात. उभं राहिल्यावर अंधारी येणाऱ्यांनाही ते सोसत नाही. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिनचा डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार कमी करावा लागतो आणि प्रीगॅबालिननं घोटे सुजतात, ते आजार वाढल्याचं लक्षण समजू नका. ड्युलॉक्सेटिन एकदम सोडायचं नसतं. थोड्याच जागेत आग असेल तर लिडोकेनची पट्टी किंवा कॅप्सेसिनचं मलम. पूर्ण डोसवर काही आठवडे दिल्याशिवाय "लागू पडलं नाही" असा निकाल देऊ नये. दुखणं अर्ध्यावर आलं तर औषध यशस्वी मानायचं.

रोजची राखण

बधिर पाय रोज रात्री उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसह. तळ दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. बुटात हात घालून खडा, खिळा तपासा. पाण्याची ऊब पावलानं नाही, कोपरानं. गरम पाण्याची पिशवी बधिर जागेवर नको.

तोल जात असेल तर रात्री संडासच्या वाटेवर दिवा, न्हाणीघरात धरायला दांडा आणि तोंड धुताना एक हात बेसिनवर. पडलेल्या पावलाला घोट्याचा आधारपट्टा लगेच लावा, "बरं होईल मग कशाला" म्हणू नका, तोवर टाचेमागचा स्नायूचा दोर (अकिलिस टेंडन) आखडतो. फिजिओथेरपिस्टकडून बोटांची आणि घोट्याची हालचाल रोज करून घ्या. कोपर टेबलावर टेकवून बसण्याची आणि मांडीवर मांडी टाकण्याची सवय सोडा, आजारी नस दाब सोसत नाही.

अंधारी येणाऱ्यांनी आधी पलंगावर बसावं, पाय हलवावेत, मग उठावं. मीठ-पाणी वाढवण्याचा सल्ला सरसकट नाही, मूत्रपिंड किंवा हृदय अधू असेल तर आधी विचारा.

किती दिवस लागतील

आजार थांबला तरी नस एका रात्रीत उगवत नाही. वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटीमीटर. गुडघ्यापाशी गेलेली नस पावलापर्यंत पोचायला वर्ष लागू शकतं. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाऊल उचललं नाही म्हणून उपचार फसले असं धरू नका. पाहायचं ते हे, की नवी नस जातेय का, आणि कापसाच्या पाहणीतली रेघ वर सरकतेय की खाली.

दर महिन्याला त्याच तारखेला नकाशा नव्यानं काढा, जुना न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा. बधिर भाग आकसतोय आणि त्याच्या कडेला मुंग्या आल्या आहेत, असं झालं तर ते बहुधा नवे अंकुर फुटत असल्याचं लक्षण. नसेच्या वाटेवर बोटानं टिचकी मारली की झिणझिणी येणारी जागा महिन्यागणिक खाली उतरत असेल तर तेही तेच सांगते. पण बधिर भाग पसरतोय, ताकद उतरतेय किंवा आजवर शाबूत असलेल्या हातात नवा रंग भरावा लागतोय, तर ते दोन्ही कागद घ्या आणि त्याच आठवड्यात दाखवायला जा. खुर्चीवर बसल्या बसल्या, सांध्यांबद्दल बोलण्याआधी, ते टेबलावर ठेवा.